माजघरातला उजेड

करवीरनगरीची ख्याती सांगावयाची म्हटली म्हणजे अंबाबाईचे देवालय, रंकाळा, पन्हाळा, तांबड्या मातीतली कुस्ती, गूळ आणि चपला ही नावे कोणाच्याही जिभेवर सहज येतात. परंतु या नगरीचे उजेडाशी जे एक जुने नाते आहे, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. गेल्या माघात काही घरगुती कामानिमित्त कोल्हापुरास आठ दिवस राहण्याचा योग आला. सोबत काकांचा जुना रशियन कॅमेरा होता, आणि त्यास जोडावयाचा एक लहानसा फ्लॅश होता. या दोन वस्तूंच्या निमित्ताने शहरात जे पाहिले, आणि एका जुन्या घरात जे करावे लागले, ते आमच्या वाचक-भगिनींस व वाचक-बंधूंस सांगावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

रात्रीच्या गाडीने निघाले की मिरज मागे पडता पडता उजाडू लागते. दोन्ही बाजूंस उसाचे फड, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, आणि पुढे पंचगंगेचे पात्र दिसले की कोल्हापूर आले असे समजावे. स्टेशनातून पेठांकडे येताना जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती दृष्टीस पडतात. अजूनही एखाद्या बोळात दिंडीदरवाजा, त्यावर गणेशपट्टी आणि आत फरसबंदी चौक असे जुने घर तग धरून असते. मी ज्या घरी उतरलो, ते शुक्रवार पेठेतील घर अशांपैकीच एक.

अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव सर्वांस ठाऊक आहे. देवी पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांस, आणि पुन्हा ३१ जानेवारी व १ आणि २ फेब्रुवारी या तारखांस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून शिरून, गरुडमंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी ते चरणांवर, दुसऱ्या दिवशी वक्षःस्थळी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडावेत, अशी योजना आहे. आकाश निरभ्र असले आणि वाटेत काही आडवे आले नाही, तर हा सोहळा काही मिनिटे टिकतो. ज्या कोणा स्थपतीने ही दिशा धरली, त्याचे गणित पाहून आजही मन थक्क होते. तथापि त्यातून एक गोष्ट सहज ध्यानात येते. साक्षात् जगदंबेच्या गाभाऱ्यात सूर्यास बोलवावयाचे, तर वर्षातून सहाच दिवस तो येणार. मग आपल्यासारख्यांच्या घरातील अंधाऱ्या खोल्यांची काय कथा?

सूर्य येत नाही तेथे उजेड नेण्याची विद्या याच शहरात एका माणसाने मोठ्या जिद्दीने हस्तगत केली. आनंदराव व बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. चलच्चित्रांचा छंद लागल्यावर परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता तो स्वतःच तयार करावा, अशी ईर्ष्या त्यांस झाली. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी पुढील वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली, आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. त्याच यंत्राने घेतलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यास झळकला, आणि लोकमान्यांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पुढे १९२३ साली ‘सिंहगड’ काढताना प्रश्न उभा राहिला तो रात्रीचा. तानाजीने गड घेतला तो रात्री. आणि त्या वेळची चित्रे तर सारी उन्हात घेतली जात. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात रात्रीचे प्रसंग घेतले. भारतीय चित्रपटात असा प्रकाश वापरण्याचा तो पहिला प्रयत्न म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. खरी कॉर्नरपाशी या पराक्रमाची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. रहदारीच्या गर्दीत पुष्कळांची नजर तिकडे जात नाही. मी मात्र तेथे घटकाभर उभा राहिलो, कारण माझ्या पिशवीतील यंत्राची जन्मकथाही याच जातीची होती.

ती कथा थोडक्यात अशी. सोव्हिएट राज्यातील खारकोव्ह शहरी, म्हणजे आजच्या युक्रेन देशात, निराधार मुलांची एक वसाहत होती. माकारेन्को नावाचे प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ तिचे चालक होते. त्या मुलांनी १९३४ साली जर्मनांच्या लायका कॅमेऱ्यावरून स्वतःचा कॅमेरा बनविण्यास आरंभ केला, आणि वसाहत ज्या पुढाऱ्याच्या नावाने चाले त्या द्झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘फेड’ हे नाव दिले. महायुद्धानंतर, १९४८ साली, मॉस्कोनजीकच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यातून त्याच वळणाचा ‘झोर्की’ बाहेर पडला. झोर्की म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचा. यांपैकी ‘झोर्की–४’ हा प्रकार १९५६ पासून १९७३ पर्यंत निघत होता, आणि त्याच्या १७ लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या. पाहून पाहून, उकलून, पुन्हा जोडून शिकण्याची ही रीत आपल्या उद्यमनगरातील कारागिरास नवखी वाटणार नाही.

काकांनी आपला झोर्की मुंबईच्या जुन्या बाजारात १९७४ साली घेतला. काका शाळामास्तर. फिल्मच्या एका रिळासाठी महिनाभर चार पैसे बाजूस टाकावे लागत; फ्लॅश घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून त्यांची सारी छायाचित्रे चौकातली. तुळशीवृंदावनापाशी मुंज झालेला बटू, ओसरीच्या पायरीवर पागोटे घातलेले आजोबा, परीक्षा पास झालेली मुले एका ओळीत उभी आणि उन्हाने सर्वांचे डोळे बारीक झालेले. आठ दिवसांत ते अल्बम मी तीनदा चाळले. तिसऱ्या वेळी एक गोष्ट जाणवली, आणि ती मनातून जाईना. त्या घरात ज्या बायकांनी सारा जन्म काढला, त्या अल्बमात जवळजवळ नाहीतच. सणावारी शालू नेसून दोन घटका चौकात आल्या असतील, तेवढ्याच. एरवी त्यांचे राहणे माजघरात, स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत. आणि तेथे ऊन पोचत नव्हते, म्हणून कॅमेराही पोचला नाही. काकांच्या मनात भेद होता असे मुळीच नाही. भेद केला तो उजेडाने.

असे होणे केवळ आपल्याकडचे नव्हे. जर्मनीत १८८७ साली मीथे व गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची झगझगीत जळणारी भुकटी तयार केली. ती वार्ता कानी पडताच न्यूयॉर्कमधील जेकब रीस नावाचा वार्ताहर ती घेऊन गरिबांच्या कोंदट चाळींत शिरला. तोवर त्या खोल्या कशा आहेत, हे सुखवस्तू लोकांनी केवळ ऐकले होते. १८९० साली रीसचे पुस्तक निघाल्यावर ते त्यांना पाहावे लागले. धूर व भडका करणाऱ्या त्या भुकटीच्या जागी १९२९ पासून काचेचा, एकदाच पेटणारा बल्ब आला, आणि पुढे विजेवर पुन्हा पुन्हा चमकणारा आजचा फ्लॅश आला. साधने बदलली, काम तेच राहिले.

आमच्या वाड्यास आता थोडेच दिवस उरले आहेत. चुलतभावांनी विचारान्ते तो विकासकास द्यावयाचे ठरविले आहे. भिंतींस ओल आहे, वासे पोखरले आहेत, आणि चौघांच्या संसारास जागा अपुरी पडते; त्यामुळे त्यांस दोष देता येत नाही. काकूंनीही सही केली. वय शहाऐंशी, पण वाणी स्पष्ट. मी कॅमेरा काढला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “माझा फोटो नको रे बाळ. काढायचाच तर या माजघराचा काढ. इथे मी पासष्ट वर्षे वावरले, आणि याचे एकही चित्र घरात नाही.”

माजघरास खिडकी नाही. स्वयंपाकघराच्या दारातून जो काय कवडसा येईल तेवढाच. छपरास काळवंडलेली तक्तपोशी. हल्लीच्या मोबाइल फोनने तेथे चित्र निघते, हे खरे; भाचरांनी ती काढलीही होती. परंतु काकूंची इच्छा अशी, की हे चित्र काकांच्याच यंत्राने निघावे आणि त्यांच्याच अल्बमात, मोकळ्या राहिलेल्या शेवटच्या पानांवर, बसावे.

येथे त्या यंत्राची प्रकृती थोडी सांगितली पाहिजे. झोर्कीचे शटर कापडाचे असते. एक पडदा सरकून फिल्म उघडी करतो, आणि दुसरा त्याच्यामागून येऊन ती झाकतो. वेग मंद असला, तर दुसरा पडदा निघण्यापूर्वी पहिला पलीकडे पोचतो आणि क्षणभर सारी चौकट एकदम उघडी असते. वेग वाढविला, की दुसरा पडदा लगेच पाठलाग करू लागतो, आणि दोहोंमधील केवळ एक अरुंद फट चौकटीवरून सरकत जाते. फ्लॅशची चमक तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असू शकते. ती फट जेथे असेल तेवढाच पट्टा उजळणार, बाकी चित्र काळे. म्हणून या जातीच्या कॅमेऱ्यांवर फ्लॅश वापरावयाचा, तर शटर एकतीसांश, म्हणजे ३० या आकड्यावर अथवा त्याहून मंद ठेवावे. जुन्या प्रतींवर तेथे २५ असा आकडा असतो. दुसरा नियम असा, की फिल्म पुढे सरकवून शटर चढविल्यावाचून वेगाची चकती फिरवू नये; तसे केल्यास आतील यंत्रणा बिघडण्याचा संभव असतो. पहिल्या फेडला व पहिल्या झोर्कीला फ्लॅशची जोडणीच नव्हती. ती १९५० नंतरच्या दशकात आली. झोर्की–४ ला अंगावरच एक लहान गोल भोक असते, त्यात फ्लॅशची तार बसते. काही प्रतींत वेगाच्या चकतीखाली बल्बसाठी आगाऊ ठिणगी देणारी दांडी असते. विजेच्या फ्लॅशला ती शून्यावर ठेवावयाची. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश बसविण्याची खोबण आहे, पण तीत विजेचा संपर्क नाही, त्यामुळे तार हवीच. आणि ही उणीव वस्तुतः सोयच ठरते. कारण तार आहे तर फ्लॅश माथ्यावर ठेवण्याचे बंधन उरत नाही.

माथ्यावरचा फ्लॅश समोरून थेट आदळतो. चेहरा पांढराफटक, मागे भिंतीवर काळी सावली, आणि खोलीचा खोलपणा नाहीसा. पोलीसचौकीत काढल्यासारखे ते चित्र कोणास आवडेल? हुशार छायाचित्रकार फ्लॅश छताकडे वळवितात, म्हणजे प्रकाश मऊ होऊन खाली उतरतो. आमची तक्तपोशी काळी. तिने तो गिळूनच टाकला असता. तेव्हा एक जुनी पांढरी चादर दोरीवर आडवी टांगली, आणि धाकट्या चुलतभावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती लांब तारेचा फ्लॅश देऊन तो चादरीकडे रोखावयास सांगितले. पडदे रंगविणाऱ्या बाबूरावांच्या गावात कापडाकडून उजेड मागून घ्यावा, हे साजेसेच झाले.

हिशेब अवघड नाही. प्रत्येक फ्लॅशवर एक मार्गदर्शक अंक असतो. त्यास मीटरमधील अंतराने भागिले, की ॲपर्चरचा आकडा मिळतो. आमचा अंक १०० च्या फिल्मला २४. फिल्म ४०० ची, म्हणून तो दुप्पट, ४८. फ्लॅशपासून चादर एक मीटर आणि चादरीपासून काकूंची जागा तीन, मिळून चार. भागाकार १२. कापडावरून परतताना प्रकाशाचे दोन टप्पे खर्ची पडतात असे धरून ५.६ वर लेन्स लावली.

उरली एक अडचण. रेंजफाइंडरच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. कडी फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या की नजर जुळली. पण अंधारात प्रतिमा दिसणार कशा? त्यावर तोड काकूंनीच काढली. त्या उठल्या, देवघरातील समई आणून आपल्या नेहमीच्या पाटाशेजारी ठेवली, आणि एक वात लावली. खिडकीत दोन ज्योती दिसल्या, एक ठसठशीत, एक पुसट. कडी हळूहळू फिरविली. ज्योती जवळ येत येत एक झाल्या. एवढी बिनचूक नजर भर उन्हातही जुळत नाही.

मग फोटो नको म्हणणाऱ्या काकू आपण होऊनच त्या पाटावर बसल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून चमक येणार हे आधी सांगितले, आणि चादरीकडे न पाहता समईकडे पाहावयास सांगितले. वृद्धांवर व तान्ह्या मुलांवर समोरून अवचित फ्लॅश मारू नये, हा साधा शिष्टाचार प्रत्येकाने पाळावा. त्या दिवशी माजघर, चुलीची भिंत, उतरंडीचा कोपरा, बाळंतिणीची खोली अशी मिळून चोवीस चित्रे घेतली. उरलेली बारा शहरासाठी राखली.

ती बारा घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळली. उजेड नेता येतो म्हणून तो सर्वत्र नेऊ नये. देवीच्या गाभाऱ्यापाशी कॅमेरा पिशवीतच राहिला. एका तालमीत गेलो, तेथे वस्तादांची अनुमती घेऊन हौद्यातील तांबडी माती, भिंतीवरचा बजरंगबली आणि विसावा घेणारे मल्ल एवढेच टिपले. डाव चालू असता डोळे दिपले, तर मानेवर बेतावयाचे. खिद्रापूरच्या कोपेश्वरी स्वर्गमंडपाच्या गोल मोकळ्या छतातून जो प्रकाश अठ्ठेचाळीस खांबांवर उतरतो, त्यात भर घालण्याची माझी प्राज्ञा नव्हती. तेथे फ्लॅश बांधूनच ठेविला.

परतण्याच्या आदल्या दिवशी केशवराव भोसले नाट्यगृहावरून गेलो. शाहूमहाराजांनी १९१५ साली बांधविलेले हे पॅलेस थिएटर. शेजारी त्यांचेच, १९१२ चे खासबाग मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीने नाट्यगृहाची राख झाली. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. वास्तू पुन्हा उभी राहते, पण शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला कठडा पुन्हा उभा राहत नाही; तो उरतो कोणी टिपून ठेवला असेल तरच. नाट्यगृहाची चित्रे पुष्कळांनी घेतली होती. घरच्या माजघराची कोण घेणार?

फिल्म पुण्यास येऊन धुतली, आणि ठसे काढून काकूंस पाठविले. चादरीवरून आलेला उजेड मवाळ पडला होता. तक्तपोशीच्या पट्ट्या मोजता येत होत्या, आणि समईची ज्योत फ्लॅशपुढेही विझून गेली नव्हती. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. स्वतःच्या चेहऱ्याविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “तुळईला कडी दिसते आहे बघ. माझ्या तिन्ही लेकरांचा पाळणा तिथेच होता. इतकी वर्षे खाली वावरले, पण ती कडी अजून आहे हे मला ठाऊक नव्हते.”

ज्या घरांत असे एखादे यंत्र कपाटात पडून आहे, आणि अशी एखादी खोली अजून उभी आहे, त्यांनी पावसाळ्याची वाट पाहू नये. यंत्र रशियन असो, जर्मन असो, नाहीतर खिशातला फोन असो. चौकातली चित्रे पुष्कळ झाली. एक पांढरी चादर घ्यावी, घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारावे की तुमची जागा कोणती, आणि ती सांगेल तेथे उजेड न्यावा.